फांदीवरचे बिऱ्हाड

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी तापीच्या खोऱ्यात शिरू लागते, तोच चलथाणचे स्थानक लागते. गाव साखरेचे. चोहोंकडे उसाची शेते, मधून वाहणारे कालव्याचे पाणी आणि गळिताच्या हंगामात रात्रंदिवस धुरावणारी कारखान्याची धुराडी, हे ह्या भागाचे नेहमीचे दर्शन होय. दिवाळी उलटली की डांगातून, नंदुरबारकडून, धुळ्याकडून ऊसतोडीची माणसे येथील शेतांवर उतरतात, फडाशेजारी कोपी उभारतात, चार-सहा महिने काम करतात आणि पावसाळ्याच्या आत आपल्या डोंगराकडे परततात. त्यांच्यापैकी पुष्कळांची गावे ज्या अरण्याच्या कुशीत आहेत, ते डांगचे अरण्य चलथाणपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आतच सुरू होते. सपाटीवरील ह्या उसाच्या मुलखाला आणि त्या डोंगरी अरण्याला जोडणारा एक नाजूक दुवा आहे. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या आंब्याकडे मान वर करून पाहिले तर तो दिसतो. आंब्याच्या जाड फांदीला पांढुरक्या मुळ्यांनी कवटाळून बसलेली, कातडी पानांची एक छोटी वनस्पती तेथे आढळते. उन्हाळ्याच्या तोंडी किंवा पुढे पावसाळ्यात तिला तपकिरी-पिवळसर जाळीची व निळसर-जांभळ्या ओठाची सुगंधी फुले येतात. वैद्यक-परंपरेत काही प्रांतांत ‘रास्ना’ म्हणून वापरली जाणारी, वांडा नावाची ही आमरी होय.

सामान्य माणूस तिला बांडगूळ समजतो आणि येथेच तिच्यावर पहिला अन्याय होतो. बांडगूळ आणि आमरी ह्या दोन्ही वनस्पती दुसऱ्या झाडावर वाढतात एवढेच त्यांचे साम्य. बांडगूळ आपली शोषक मुळे यजमान झाडाच्या सालीतून आत खुपसते आणि त्याच्या काष्ठातून पाणी व क्षार ओढून घेते. आंब्याची फांदी त्यामुळे वाळते, मोहोर घटतो, म्हणून शेतकरी बांडगूळ छाटतो आणि ते योग्यच आहे. आमरीचे मूळ मात्र सालीच्या वरच राहते. तिला झाडाचा रस नको असतो, झाडाची जागा तेवढी हवी असते. जमिनीवरच्या गर्दीत प्रकाश मिळत नाही म्हणून ती उंचावर बिऱ्हाड करते, पण घरधन्याच्या कोठीला हात लावीत नाही. वनस्पतिशास्त्रात अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. बांडगुळे काढताना आमरीही ओरबाडून टाकली जाते, ते सुक्याबरोबर ओलेही जळावे तसे आहे.

झाडाचा रस नाही, जमिनीची माती नाही, मग ही वनस्पती जगते कशावर, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर तिच्या मुळांत आहे. मुळाच्या भोवती मृत, पोकळ पेशींचा एक स्पंजासारखा थर असतो. कोरड्या दिवसांत त्यात हवा भरलेली असल्यामुळे मूळ पांढरे दिसते. पावसाची पहिली सर येताच तो थर काही क्षणांत पाणी शोषून घेतो, पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग बाहेर डोकावू लागतो. हा हिरवा रंग हरितद्रव्याचा असून मूळदेखील पानाप्रमाणे थोडेफार अन्न तयार करते. पावसाचे पहिले पाणी झाडाच्या पानांवरची धूळ, पाखरांची विष्ठा, सालीवरचा कुजका पाचोळा धुऊन खाली आणते. त्यात विरघळलेले क्षार हेच आमरीचे खत. मागाहून पडणारे पाणी स्वच्छ, म्हणून तिच्या दृष्टीने निःसत्त्व. पहिल्या ओघातील ठेव ह्या थरात अडकवून ठेवणे, हेच तिच्या संसाराचे कौशल्य.

पाणी मिळविणे हा अर्धा प्रश्न झाला. ते टिकविणे हा उरलेला अर्धा. सह्याद्रीत पाऊस चार महिने कोसळतो आणि पुढचे आठ महिने फांदीवर थेंब पडत नाही. काही आमरींनी ह्यावर खोडच फुगवून त्यात पाणी साठविण्याचा उपाय योजिला. डेंड्रोबियम ह्या प्रजातीतील सह्याद्रीच्या काही जाती तर पावसाळ्यानंतर पानेच टाकून देतात आणि निष्पर्ण कांड्यांवर हिवाळ्याच्या शेवटी पांढऱ्या फुलांचे घोस धरतात. वांड्यासारख्या ज्या आमरींचे खोड फुगीर नसते, त्या जाड, चामड्यासारख्या पानांत व मांसल मुळांत पाणी राखतात. जाड पानांच्या पुष्कळ आमरी दिवसा आपल्या पानांची रंध्रे बंद ठेवतात, रात्रीच्या गारव्यात ती उघडून हवेतील कर्बवायू आत घेतात, आम्लाच्या रूपाने साठवितात आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचे अन्न बनवितात. वैशाखातील तापलेल्या फांदीवर हिरवे राहण्याचे हे गुपित आहे.

बीजाची कथा

जगण्याची अशी चोख व्यवस्था असूनही आमरी विरळ का, ह्याचे कारण तिच्या बीजात आहे. आमरीच्या एका फळात बिया हजारोंनी, कित्येक जातींत लाखोंनी असतात. त्या इतक्या सूक्ष्म की फळ उकलले म्हणजे पिठाची भुकटी उडाल्याचा भास होतो. वाऱ्यावर तरंगत त्या दूरदूर जातात. पण हलकेपणाची किंमत त्यांना द्यावी लागते. गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात अंकुरासाठी जी शिदोरी बांधलेली असते, ती आमरीच्या बीजात जवळजवळ नसतेच. अशा बीजाला रुजण्यासाठी सालीवर अगोदरच वास करणाऱ्या विशिष्ट कवकाची गाठ पडावी लागते. कवकाचे तंतू बीजात शिरतात आणि बाहेरून आणलेली साखर व क्षार त्याला पुरवितात. ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार्ड ह्याने १८९९ साली प्रथम उजेडात आणली. योग्य कवक, योग्य साल, योग्य ओल आणि योग्य छाया ह्या चारांचा योग जेथे जुळतो तेथेच लाखांतील एखादे बीज रुजते, आणि रुजल्यावरही पहिले फूल येण्यास वर्षे लागतात.

म्हणून फांदीवर दिसणारी वीतभर आमरी ही एका दीर्घ योगायोगाची परिणती असते. ज्या झाडावर ती बसली त्याची साल खडबडीत होण्यास, तिच्यावर शेवाळ धरण्यास, त्यात कवक नांदू लागण्यास कित्येक दशके लागलेली असतात. जुने झाड हीच तिची जमीन. ही गोष्ट ध्यानात ठेवूनच पुढील लहानशा घराण्याचा वृत्तान्त ऐकला पाहिजे.

तीन जातींचे घराणे

जगात आमरींच्या जाती पंचवीस हजारांहून अधिक आहेत. काही प्रजातींत शेकडो, काहींत हजाराच्यावर जाती मोडतात. अशा ह्या विस्तीर्ण कुळात ‘स्मिथसोनिया’ नावाची एक चिमुकली प्रजाती आहे. तिच्यात जाती अवघ्या तीन, आणि तिन्ही केवळ सह्याद्रीच्या. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ ह्या प्रदेशांतून जाणारी पश्चिम घाटाची रांग सोडली तर पृथ्वीच्या पाठीवर त्या निसर्गतः अन्यत्र कोठेही उगवत नाहीत.

ह्यांपैकी दोन जातींची शास्त्रीय ओळख जुनी आहे. निकोल अलेक्झांडर डॅल्झेल हा स्कॉटिश गृहस्थ मुंबई इलाख्यात सरकारी नोकरीनिमित्त आला आणि येथील वनस्पतींच्या मागे लागला. त्याने १८५१ साली ह्या दोन आमरींचे वर्णन प्रसिद्ध केले. एकीच्या फुलावर ठिपके, म्हणून तिला ‘मॅक्युलाटा’ आणि दुसरीचे फूल हिरवट, म्हणून तिला ‘व्हिरिडिफ्लोरा’ असे नाव दिले. हाच डॅल्झेल पुढे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सनच्या मागून मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. दोघांनी मिळून १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला. अरण्ये तुटली म्हणजे पाण्याचे झरे आटतात, जमीन धुपते, हा इशारा इलाख्याच्या सरकारला देणाऱ्यांत हे दोघे अग्रेसर होते. लहान फुलांची नोंद ठेवणारी नजर आणि मोठ्या अरण्याची चिंता वाहणारी नजर ही एकाच माणसाच्या ठायी असावी, हे सहज घडलेले नाही. ज्याला फांदीवरची आमरी दिसते त्याला ती फांदी तुटलेलीही दिसते.

डॅल्झेलने ह्या आमरींना ज्या प्रजातीत बसविले होते तेथे त्या टिकल्या नाहीत. शंभरांहून अधिक वर्षे त्या एका प्रजातीतून दुसरीत फिरत राहिल्या. अखेर बंगलोरच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातील येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सेसिल साल्ढाना ह्यांनी कर्नाटकातील हसन जिल्ह्याच्या वनस्पतींचा अभ्यास चालविला असता, त्यांना गवताच्या काडीच्या रंगाची फुले धरणारी एक नवी आमरी मिळाली. तिला त्यांनी ‘स्ट्रॅमिनिया’ म्हणजे काडीच्या रंगाची असे नाव दिले, डॅल्झेलच्या दोन जाती तिच्या जोडीला बसविल्या आणि तिघींसाठी १९७४ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात स्वतंत्र प्रजाती स्थापिली. हसनच्या अभ्यासास अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे साहाय्य होते, म्हणून प्रजातीला तिचे नाव मिळाले. जेम्स स्मिथसन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने आपली संपत्ती ज्ञानवृद्धीसाठी अमेरिकेला देऊन टाकली होती. त्याने आयुष्यात अमेरिका पाहिली नव्हती आणि सह्याद्रीही पाहिला नव्हता. तरी त्याचे नाव येथील ऐना-जांभळाच्या फांद्यांवर दर वर्षी फुलते.

दिसावयास ह्या तिन्ही बहिणी साध्या आहेत. खोड आखूड, पाने दोन ओळींत समोरासमोर, जाड व टोकाशी दुभंगलेली. मुळे फांदीला घट्ट चिकटलेली. फुले नसताना वाटसरूची दृष्टी त्यांच्यावर ठरतच नाही. उन्हाळा सरत आला किंवा पावसाने हजेरी लावली म्हणजे पानांच्या बगलेतून लहान तुरे निघतात. फुले जेमतेम नखाएवढी, पण जवळून पाहिली तर त्यांची रचना थक्क करणारी. तीन संदले व दोन पाकळ्या बाहेर पसरलेल्या, तिसरी पाकळी ओठासारखी बनलेली आणि तिच्या बुडाशी एक पोकळ पिशवी. मध्यभागी पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र जोडून झालेला एक स्तंभ. परागकण सुटे नसून मेणासारख्या गोळ्यांत बांधलेले असतात आणि तो अख्खा पुंज कीटकाच्या अंगाला चिकटून एका फुलातून दुसऱ्या फुलात जातो. आमरीच्या ह्या युक्त्यांचे डार्विनला इतके अप्रूप वाटले की, त्याने १८६२ साली त्यांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

फांदी गेली म्हणजे

महाराष्ट्र व गुजरात ह्यांच्या सीमेवरील आमरींचा अभ्यास काही कमी झालेला नाही. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर सांतापाव ह्यांनी १९५४-५५ च्या सुमारास डांगच्या अरण्यातील वनस्पतींची नोंद केली, तेव्हा डांग मुंबई राज्यात होता. पुढे १९६० साली तो गुजरातेत गेला. आमरींना ह्या सीमेचा पत्ता नाही. त्यांना कळते ती फांदी आणि तिच्यावरची ओल. सांतापाव व कापडिया ह्यांचा मुंबई प्रदेशातील आमरींवरील ग्रंथ १९६६ साली निघाला आणि आजही अभ्यासक तो हाताशी ठेवतात. नोंदी झाल्या, नावे ठरली, नमुने कागदावर चिकटवून जपले गेले. प्रश्न उरतो तो जिवंत झाडांचा.

आमरीचे शत्रू दोन प्रकारचे. पहिला तिला ओळखून नेणारा, दुसरा तिला न ओळखता मारणारा. शोभेसाठी, औषधासाठी, हौशी संग्रहासाठी आमरी ओरबाडून विकणारे पहिल्या वर्गात येतात. त्यांच्याविरुद्ध कायद्याची काही तटबंदी आहे. आमरीच्या समस्त कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटीस’ कराराने निर्बंध घातले असून भारत त्या करारात १९७६ पासून आहे. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली प्रथमच काही वनस्पतींना स्थान मिळाले. त्या यादीत सहा नोंदी होत्या आणि त्यांत निळा वांडा, तांबडा वांडा यांसारख्या मुख्यतः ईशान्येकडील देखण्या आमरींची नावे होती. सह्याद्रीच्या नखाएवढ्या फुलांना तेव्हा तेथे जागा मिळाली नाही.

दुसऱ्या वर्गातील शत्रू अधिक घातक, कारण त्याच्या मनात द्वेषही नसतो. मुंबई-गोवा महामार्ग रुंद होत असता कोकणातील कित्येक पिढ्यांचे वड, आंबे, जांभळी मोठ्या संख्येने पडल्या. सिंधुदुर्गात व गोव्याच्या सीमेवर मिश्र अरण्याच्या जागी रबराच्या व काजूच्या एकसुरी लागवडी उभ्या राहिल्या. देवराईत देऊळ मोठे झाले आणि त्याच्या सभामंडपासाठी राई लहान झाली. प्रत्येक वेळी हिशेब झाडांचा झाला. एक तोडले तर अमुक लाविली, असे आकडे कागदावर मांडले गेले. पण त्या झाडांवर बिऱ्हाड करून असलेल्यांची मोजदाद कोणत्याही कागदावर झाली नाही. रोप लावले म्हणजे झाडाची भरपाई होते, असे मानले तरी त्या रोपाची साल आमरीला पायरोवण्याजोगी होण्यास दोन पिढ्या जाव्या लागतात. तोवर वाऱ्यावर उडालेले बीज उतरणार कोठे? ज्या प्रजातीचे सगे पृथ्वीवर इतरत्र कोठेही नाहीत, तिला हा काळ ओलांडता येईलच असे नाही.

साखरेचा उपाय व त्याची मर्यादा

येथे चलथाणच्या साखरेशी आमरीचे एक अनपेक्षित नाते जुळते. कवकावाचून बीज रुजत नाही, हे बर्नार्डने दाखविल्यावर अमेरिकेतील लुईस नडसन ह्याने वेगळा विचार केला. कवक बीजाला मुख्यतः साखरच पुरवीत असेल, तर ती साखर माणसाने का पुरवू नये? १९२२ साली त्याने काचेच्या नळीत क्षार व साखर घातलेल्या खळीवर आमरीचे बीज कवकाच्या साहाय्यावाचून रुजवून दाखविले. त्या एका प्रयोगाने आमरीच्या लागवडीचे दार उघडले. १९६० साली फ्रान्समधील जॉर्ज मोरेल ह्याने कोंबाच्या टोकाच्या पेशींपासून रोपे वाढविण्याची वाट दाखविली. आज बाजारात मिळणारी बहुतेक आमरीची फुले अशा प्रयोगशाळांतून आलेली असतात. त्यामुळे अरण्यातील आमरी तोडण्याचे निमित्त कमी झाले, हा मोठाच लाभ होय. दुर्मिळ जातींचे बीज जपून त्याची रोपे वाढविणेही ह्या मार्गाने शक्य झाले आहे.

पण नळीतले रोप शेवटी ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न प्रयोगशाळा सोडवू शकत नाही. त्याला फांदी हवी, फांदीवर शेवाळ हवे, शेवाळात कवक हवे, फुलांकडे येणारा कीटक हवा आणि त्या कीटकाला वर्षाचे उरलेले महिने पोसणारी इतर झाडे हवीत. साखरेने बीज रुजविता येते, पण अरण्य रुजविता येत नाही. म्हणून आमरीच्या रक्षणाची योजना अखेर जुन्या झाडाच्या रक्षणापाशीच येऊन ठेपते.

हे रक्षण केवळ सरकारी खात्यांचे किंवा पंडितांचे काम नव्हे. चलथाणसारख्या गावच्या शेतकऱ्याला, डांगातून येणाऱ्या ऊसतोडकऱ्याला, कोकणातील देवस्थानच्या मानकऱ्याला त्यात आपापला वाटा उचलता येतो. बांधावरचा आंबा छाटताना बांडगूळ कोणते व आमरी कोणती, हे पाहून मगच कोयता चालवावा. ओळख सोपी आहे. बांडगूळ जेथे जडते तेथे फांदीवर गाठ येते आणि त्याचे खोड फांदीतूनच फुटल्यासारखे दिसते. आमरीची पांढरी मुळे सालीवर मोकळी पसरलेली दिसतात, ती बोटाने उचलता येतात. वादळात फांदी मोडून पडली तर तिच्यावरची आमरी कचऱ्यात न टाकता, पावसाळा चालू असतानाच, तशाच सावलीच्या दुसऱ्या जुन्या झाडाला सुतळीने अलगद बांधावी. काही महिन्यांत ती नवी मुळे टाकते. उभ्या झाडावरची मात्र उपटून घरी आणू नये. अरण्यातील असेल तर तो वनखात्याच्या कायद्याचा विषय आहे, आणि घराच्या सज्ज्यात ती बहुधा तग धरीत नाही. रस्ता आखताना जुन्या झाडाला वळसा घालता येतो का, हे आधी पाहावे, आणि न येत असेल तर झाड पाडण्यापूर्वी त्याच्या फांद्यांवर कोण राहते ह्याची नोंद घ्यावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. शाळांतील मुलांनी गावातील पन्नास वर्षांपलीकडच्या झाडांची यादी केली आणि प्रत्येकावरची आमरी, शेवाळ, नेचे टिपून ठेवले, तर पुढील अभ्यासकाला ती मोलाची शिदोरी होईल.

जुन्या झाडाचे मोल करताना लाकूड किती घनफूट निघेल, फळ किती टोपल्या येईल, सावली किती पडेल, हे माणूस पाहतो. त्यात आणखी एक रकाना वाढविला पाहिजे. हे झाड किती जणांचे घर आहे? घरधन्याकडून अन्नाचा कण न मागता, केवळ उभे राहण्याची जागा मागून, स्मिथसोनियाच्या तीन बहिणींनी सह्याद्रीच्या फांद्यांवर संसार थाटला आहे. गळीत हंगाम संपला की ऊसतोडकऱ्याला आपली कोपी मोडून डोंगरातल्या घराकडे परत जाता येते. आमरीची फांदी पडली तर तिला परतावयास दुसरे घर नाही. त्यामुळे पाऊस सुरू होण्यापूर्वी, कुऱ्हाड लावण्याच्या आधी, एकदा मान वर करून पाहण्याची सवय गावोगाव लागली, तरी ह्या लहानशा घराण्याचे पुष्कळ काही वाचण्यासारखे आहे.